स्टेअरिंगवरची चिंधी

दोन हजार एकोणीस साल. नेमगोंडा अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, मी पासष्टचा आणि त्यांची पिकअप गाडी तेवीस वर्षांची. तिघांत धडधाकट कोण, असं विचारलं असतं तर सगळ्या बोरगावनं अण्णांचंच नाव घेतलं असतं. गाडीनंसुद्धा.

अण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक शेवग्याचं झाड आणि कमरेएवढी दगडी भिंत, बाकी काही नाही. त्या भिंतीवरून मी तीस वर्षं उडी मारून त्यांच्या अंगणात गेलो. गुडघे गेल्यावर वळसा घालून गेलो. माझं शिक्षण चौथीपर्यंतच. पण जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगून लिहवून घेण्यासारखं नाही, म्हणून मीच लिहितो.

अण्णा म्हणजे बारका, ताठ माणूस. अंगात बंडी, खाली धोतर, डोक्याला पांढरी टोपी. गाडीखाली शिरायचं झालं की धोतर सोडून जुनी पँट चढवायची, पोतं अंथरायचं आणि त्यावर उताणं पडायचं. पाने आणि पक्कड उजव्या हाताला ओळीनं मांडायची, डॉक्टर मांडतो तशी. काम झालं की तितकेच पाने परत मोजायचे. एक जरी कमी भरला तरी सगळं अंगण चाळायचं, मग पाऊस येवो नाहीतर पाहुणे.

माणसांशी अण्णा मराठी बोलायचे आणि गाडीशी कन्नड. इंजिन धरत नसलं की बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "बारव्वा, बारव्वा." ये गं बाई, ये. मी एकदा विचारलं, "अण्णा, गाडीला मराठी कळत न्हाय का?"

"कळतंय की. पण मराठीत मला शिव्या लई येतात रं बाळू. कन्नडात आईनं निस्तं गोडच शिकवलंय."

गाडी नवी असताना त्यांनी ती एकदाच बाहेर दिली, निपाणीच्या एका गॅरेजात. परत आली तेव्हा आवाज होता तसाच, आणि वर एक नट गायब. अण्णांनी मोकळ्या भोकावर बोट ठेवून मिस्त्रीला विचारलं, "हितला कुठं गेला?" मिस्त्री हसला. म्हणाला, "एवढ्या नटात एक न्हाय म्हणून काय बिघडतंय अण्णा?" अण्णा शांतपणे म्हणाले, "आ कर. एक दात काढतो. मग बिघडतंय का बघ." त्या दिवसापासून त्या गाडीला परक्याचा हात लागला नाही. भाजी, तंबाखूची बोदं-गाठोडी, कुणाचं लग्नाचं सामान, सगळं त्या गाडीनं वाहिलं, आणि तिचं दुखलं-खुपलं अण्णांनी एकट्यानं बघितलं.

एकट्यानं म्हणजे, पायडल दाबायला मी असायचो.

अण्णा जैन. त्यांच्या धर्माचा नेम त्यांच्या गाडीलाही होता, हे खरं. एकदा आम्ही दोघं तवंदीच्या घाटात होतो. मागं हळदीची पोती. रेडिएटर गळायला लागला, वाफा निघाल्या. एक ट्रकवाला थांबला, बघून म्हणाला, "म्हाताऱ्या, एक कच्चं अंडं फोडून आत सोड. भोक बुजतंय, घरापातूर जाशील." अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं देवळात चप्पल घातली.

"माझ्या गाडीनं आजवर अंडं खाल्लं न्हाय."

"अहो, गाडी हाय ती!"

"माझी हाय न्हवं? मग खाणार न्हाय."

ट्रकवाला कपाळाला हात लावून गेला. अण्णांनी मागच्या पोत्यातली मूठभर हळद काढली, पाण्यात कालवली आणि रेडिएटरमध्ये ओतली. अर्धा तास आम्ही दगडावर बसलो. गळती थांबली. पुढं चार महिने ती गाडी पिवळी लघवी करत गावभर फिरली आणि पोरंटोरं मागून ओरडायची, "अण्णा, गाडीला कावीळ झाली!" अण्णा खिडकीतून म्हणायचे, "कावीळ न्हाय, हळद लागलीय. लग्नाला या."

दुसरा नेम मला लई जड गेला होता. गाडी चालू करायच्या आधी अण्णा बॉनेटवर तीनदा थापटायचे आणि थांबायचे. उबेला आत खार बसते, मांजर बसतं, त्यांना निघायला वेळ द्यायचा. माझी थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. तिला उचलून गाडीत बसवली. अण्णांनी थापटलं, थांबले, आणि कान लावून म्हणाले, "आत कोणतरी हाय." बॉनेट उघडलं तर आत मांजर, आणि तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. अण्णांनी सुपात फडकं घातलं आणि एकेक पिल्लू उचलून ठेवायला लागले. माझी लेक आत ओरडतेय, आणि हा माणूस पिल्लू फुंकून सुपात ठेवतोय!

मी तोंडाला येईल ते बोललो. अण्णांनी चौथ्यांदा आत हात घालून सगळं चाचपलं, मग वळून म्हणाले, "एकीच्या बाळंतपणासाठी दुसरीचं मोडायचं व्हय रं?"

आम्ही वेळेत पोचलो. नात झाली. पण मी अण्णांशी पंधरा दिवस बोललो नाही. माझा स्वभावच तसा. चूक माझी असली तर मी महिनाभर बोलत नाही.

आता चिंधीचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे. जन्मात एकदाही मोडलं नाही. त्यामुळं दुरुस्ती कितीही अडलेली असो, वहिनींची हाक आली, "ऊन उतरलं बघा," की अण्णा हातातला पाना खाली ठेवायचे. पूर्वी एकदा असंच चाकाचे नट हातानं नुसते फिरवून ते जेवायला उठले होते. जेवून आले ते थेट गाडीत बसले आणि निघाले. कॅनॉलच्या पुलावर चाक डुलायला लागलं म्हणून वाचले. तेव्हापासून त्यांनी रीत घातली. काम अर्धं सोडून उठायचं झालं की स्टेअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत चावी लावायची नाही. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची.

"जेवायच्या आधीचं डोकं येगळं, जेवल्यावरचं येगळं," ते म्हणायचे. "डोक्यावर भरवसा ठेवू नये. चिंधीवर ठेवावा."

त्या एकोणीस सालच्या थंडीत मागच्या चाकातून ब्रेक ऑइल गळायला लागलं. अण्णांनी आतली रबरं बदलली. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम. ते एका माणसाचं नाही. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचा बारका नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे आणि ऑइल बाहेर येऊ द्यायचं, आणि वरच्यानं पाय उचलायच्या आत नट आवळायचा. खालून अण्णांचा आवाज यायचा, "दाब... धर... सोड. दाब... धर... सोड." वीसेक वर्षं तो आवाज माझ्या पायाखालून आला. अजून येतो. एस.टी.त बसलो आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला की येतो.

त्या दिवशी तीन चाकं झाली. मी म्हणालो, "अण्णा, चौथ्याला मी खाली जातो. तुम्ही वर बसा, कंबर धरंल तुमची."

अण्णा गाडीखालूनच म्हणाले, "तुला पाय हाईत बाळू. हात न्हाईत."

वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होत्या, त्या हसल्या. गमतीतच हसल्या. पण मला ते लागलं. वहिनी सूप घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं ऊन उतरल्याची हाक आली. अण्णांनी अंग झाडलं, चिंधी बांधली. "उरलेलं एक उद्या सकाळी," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी अंगणात एकटाच राहिलो. उजेड होता अजून. एक ड्रायव्हर एकट्यानं ही हवा कशी काढतो ते मी एकदा बघितलं होतं. पायडल आणि सीट यांच्यात काठी ठोकायची, म्हणजे पायडल दाबलेलं राहतं. मी तेच केलं. खाली जाऊन नट सैल केला, ऑइल आलं, नट आवळला. परत वर, परत काठी, परत खाली. चार वेळा. शेवटच्या वेळी बुडबुडा दिसला नाही. पायडल दाबून बघितलं, घट्ट. छाती फुगली माझी. हात हाईत का न्हाईत, आता सकाळी दाखवतो, म्हटलं. आणि काम पुरं झालं म्हणून मी चिंधी सोडून पायजम्याच्या खिशात टाकली.

दुसरा दिवस अमावास्येचा, हे माझ्या ध्यानात नव्हतं. अमावास्येला अण्णा स्तवनिधीला दर्शनाला जायचे. फटफटायच्या वेळी ते उठले, आंघोळ केली, गाडीपाशी आले. चिंधी नाही, म्हणजे काम पुरं झालं असं त्यांनी धरलं. बॉनेट थापटलं, थांबले, वहिनींना शेजारी बसवलं आणि निघाले. मी जागा झालो तेव्हा अंगण रिकामं होतं.

जाताना काही झालं नाही. मी आवळलेला नट पुरता आवळला गेला नव्हता. थेंब थेंब करत ऑइल रस्त्यावर सांडत गेलं. दर्शन घेऊन घाट उतरताना पायडल तळाला गेलं. अण्णांनी गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर चढवली. दुसरा कुणी असता तर दोघं दरीत गेले असते. वहिनींचं मनगट मोडलं. अण्णांचा ओठ फाटला.

मी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा वहिनींना दवाखान्यात नेलेलं होतं आणि अण्णा ढिगावर बसून होते. टोपी हातात. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

"बाळू, काल आपण तीनच चाकं केलती न्हवं?"

"व्हय."

"मी चिंधी बांधलती न्हवं?"

"व्हय अण्णा."

"मग सोडली कुणी?"

माझा हात खिशात होता. चिंधी माझ्या बोटांना लागत होती. तोंड उघडायचा अवकाश होता. समोर फुटलेला दिवा, अण्णांच्या बंडीवर रक्त, आजूबाजूला दहा माणसं. मी म्हणालो, "तुमीच सोडली असंल."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. संशय आला असता त्या नजरेत तर बरं झालं असतं. नव्हता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "व्हय. मीच सोडली असणार. मला आठवत न्हाय बघ."

तिथून अण्णांचं जे व्हायचं ते झालं.

गाडी घरी ओढून आणली. त्यांनी आठ दिवस खपून ब्रेक परत केला, चारी चाकं उघडून, एकेक नट तीनदा बघून. पायडल दाबायला मीच होतो. खालून आवाज यायचा, पण मधेच थांबायचा. "बाळू, आता धर म्हणालो का सोड?" असा. आणि एवढं करून त्यांनी गाडी रस्त्यावर काढली नाही. रविवारी अंगणातच चालू करायचे. पुढं तिच्यात पाणी घातलं का नाही याची खात्री वाटेना, तेव्हा तेही बंद केलं.

मग चिंध्या घरात शिरल्या. गॅसची शेगडी पेटवली की चिंधी हातात धरायची आणि बंद केली की बटणाला बांधायची. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला एक. देवघराच्या दाराला एक. औषधाच्या डबीला सकाळची एक, संध्याकाळची एक. वहिनींनी जुनं लाल लुगडं फाडून पट्ट्या करून ठेवल्या होत्या. मी त्या घरात गेलो की जिकडं बघावं तिकडं माझंच पाप बांधून ठेवलेलं दिसायचं. आणि अण्णा पहिल्यासारखेच हुशार होते, हे मला कळत होतं. चाळीस वर्षांपूर्वीचे सौदे, कुणाच्या शेताचा कुठला बांध, सगळं तोंडपाठ. नाव एखादं विसरायचे, ते मीही विसरतो. पण एकदा माणसानं ठरवलं की आपलं डोकं गेलं, की मग प्रत्येक विसरलेलं नाव साक्षीला उभं राहतं.

त्यांचा मुलगा सुकुमार बेळगावला नोकरीला. तो दर महिन्याला येऊन म्हणायचा, "अण्णा, गाडी विकूया, अंगण अडलंय." अण्णा म्हणायचे, "बघू. डोकं ताळ्यावर आलं तर एकदा निपाणीला जाऊन यायचंय." म्हणजे आशा होती. आणि ती पुरी करायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. मी दोन वर्षं ते वाक्य तोंडात धरून फिरलो. आज सांगू, उद्या सांगू. माफी मागणं माझ्या बापालाही जमलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी गेलो. चिंधी बरोबर नेली. ती मी टाकली नव्हती, ट्रंकेत ठेवली होती. अण्णा सोप्यात बसले होते, वहिनी आत चहा ठेवत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. काठी, नट, चार वेळा, खिसा, सगळं. आणि चिंधी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "तुमचं डोकं ठणठणीत हाय अण्णा. चिंधी मी सोडली. खोटं मी बोललो."

अण्णांनी चिंधी उचलली, उलटीसुलटी केली. मग हसले. लई मायेनं हसले.

"असल्या पन्नास हाईत घरात, बाळू."

"ही तीच हाय अण्णा. गाडीची."

"सुकुमारनं सांगितलं व्हय तुला, असं बोल म्हणून?"

"न्हाय! देवाशपथ!"

"शपथ घालू नको. माझ्यासाठी शपथा घालायला लागलास?" त्यांनी आत हाक मारली, "अगं, बाळूला चहा जास्त साखरेचा दे. माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला आलाय. असा शेजारी कुणाला मिळतो?"

दोन वर्षांपूर्वी हेच मी ढिगावर सांगितलं असतं तर त्यांनी मला थोबाडीत मारली असती आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवली असती. आता खरं बोललो तर ती त्यांना दया वाटली.

वहिनी चहा घेऊन आल्या. मोडलेल्या मनगटानं, वाकड्या हातानं त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना पटलं होतं. मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही, अण्णा गेल्यावरही नाही. चहा मी पूर्ण प्यालो, न पिऊन उठायची हिंमत झाली नाही.

मी निघताना अण्णा म्हणाले, "आता बास झालं बाळू. माझ्यापायी तुझ्यासारखा ताठ माणूस खोटं बोलाय लागला. आता बास." आणि मी पायरी उतरायच्या आत त्यांनी सुकुमारला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी घेणारा ट्रॅक्टर घेऊन आला. गाडीची बॅटरी उतरलेली, म्हणून दोरानं ओढायची होती. ओढताना आत कुणीतरी बसायला पाहिजे, वळवायला आणि ब्रेकला. घेणाऱ्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते.

"तू बस बाळू," ते म्हणाले. "माझा मला भरवसा न्हाय."

मी बसलो. ट्रॅक्टर निघाला. फाटकापाशी एक म्हैस आडवी आली आणि ट्रॅक्टरवाला एकदम थांबला. मी पायडल दाबलं. गाडी जिथल्या तिथं उभी राहिली, ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर. दोन वर्षं उभी असलेली गाडी. पायडल दगडासारखं घट्ट होतं. चारही चाकांत हवेचा एक बुडबुडा नव्हता.

मी खिडकीतून अर्धा बाहेर निघालो आणि ओरडलो, "अण्णा! ब्रेक बघा! तुमी केलेला ब्रेक एकदम घट्ट हाय!"

मागं अंगणात गाडी इतकी वर्षं जिथं उभी असायची तिथली जमीन इंजिनच्या ऑइलनं काळी झालेली होती. अण्णांनी खोरं घेतलं होतं आणि शेवग्याच्या बुडातली कोरडी माती ओढून त्या काळ्या जागेवर पसरत होते. मी परत ओरडलो. त्यांनी मान वर केली नाही. माती पसरली, पायानं दाबली, आणि खोरं घेऊन परत झाडाकडं वळले.